केतकीची कोंबडी

टर्रर्र करून कोंबडी वाजली आणि माझा हात हलला. समोरच्या गणपतीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ पार भुवईला जाऊन टेकली. मी ब्रश खाली ठेवला.

फळीखालच्या चटईवरून माझी धाकटी जाऊ उठली. तिने मस्तपैकी आळस दिला, कोंबडीची मान पिरगाळून तिला गप्प केलं आणि म्हणाली, "झालं वहिनी! एकदम ताजीतवानी."

"ती कोंबडी ठेव लांब तुझी. माझा हात हलतो."

"सॉरी हं वहिनी. उद्यापासून उशीखाली घेते."

आणि बसली लगेच कामाला. तोंडावर पाण्याचा हबका नाही, चहा नाही, काही नाही. वीस मिनिटांपूर्वी जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे, जशी काही मध्ये झोपलीच नव्हती. मी माझ्या गणपतीचा बिघडलेला डोळा ओल्या फडक्याने पुसत बसले. माझ्या तर सकाळपासून जांभयांवर जांभया चालल्या होत्या.

कोंबडी म्हणजे स्वयंपाकघरातलं घड्याळ. लाल प्लास्टिकची, अंड्यांवर बसल्यासारखी, पोटावर गोल आकडे. मान फिरवून वीसवर आणली की वीस मिनिटांनी टर्रर्र. केतकी ठाण्याची. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा रुखवतात ही कोंबडी घेऊन आली होती. बरोबर चित्रकलेचा डिप्लोमाही घेऊन आली होती, तो मात्र रुखवतात मांडला नव्हता एवढंच.

पेणजवळ आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं, पत्र्याची लांबलचक शेड ती. श्रावण लागला की शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सगळीकडे फळ्या, फळ्यांवर गणपती. साच्यातून काढणं, घासणं, रंग देणं ही कामं गावातल्या बायका करतात. सगळ्यात शेवटी राहते ती आखणी, म्हणजे डोळे काढणं. ते येरागबाळ्याचं काम नाही. मूर्ती कितीही देखणी असू दे, नजर चुकली की गिऱ्हाईक हात लावत नाही.

आमच्याकडे आखणी नाना करायचे, माझे सासरे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तो बारीक ब्रश माझ्या हातात दिला. मुलांना नाही दिला, मला दिला. माझे वडील मला आठवतसुद्धा नाहीत, इतकी लहान होते मी ते गेले तेव्हा. त्यामुळे नानांनी ब्रश दिला म्हणजे काय दिलं, हे माझं मला माहीत.

नाना कौतुक करणारे नव्हते. "बरं आहे" हे त्यांच्या तोंडचं सगळ्यात गोड वाक्य. पण आमच्या घरात एक रीत आहे. सगळ्या मूर्ती गेल्या की हरतालिकेच्या दिवशी घरच्या गणपतीचे डोळे काढायचे. बुबुळात शेवटचा पांढरा ठिपका पडला की घरातल्या मोठ्या माणसाने मूर्तीसमोर आरसा धरायचा. देवाने डोळे उघडल्यावर आधी स्वतःला बघावं, म्हणून. तर नाना आरसा धरायचे आणि आरशाच्या वरून माझ्याकडे बघून एकदा मान हलवायचे. वर्षातून एकदा. ती मान हलली की माझं वर्ष सार्थकी लागायचं. खोटं कशाला सांगू, मी वर्षभर त्यासाठीच खपायचे.

आणि त्या वर्षी ही आली.

आल्या आल्या तिने नानांना विचारलं, "नाना, मी पण बसू आखणीला?" नानांनी एक मूर्ती पुढे सरकवली. तिने डोळे काढले. नानांनी मूर्ती नाकाजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "हात चांगला आहे हिचा."

हात चांगला आहे! मला सहा वर्षांत "बरं आहे"च्या पुढे काही मिळालं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोठी जाऊ ना मी, हसून म्हटलं, "हो ना, छान आहे."

मग ते झोपेचं खूळ निघालं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात तिने वाचलं होतं, म्हणे माणसाला सलग झोपायची गरजच नसते. रात्री तीन तास झोपायचं आणि दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या तीन डुलक्या काढायच्या. बस्स. परदेशातले मोठमोठे कलावंत असेच झोपायचे म्हणे.

"आणि मोठमोठ्या कलावंतांच्या घरी भाकऱ्या कोण थापायचं?" मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही पण करून बघा ना. पहिले आठ दिवस त्रास होतो. डोकं जड, पाय जड. मग शरीर शिकतं. डोळा मिटला की झोप!"

"मला नको बाई. मला देवाने रात्र दिलीय झोपायला."

पण तिचे आठ दिवस गेले आणि शरीर खरंच शिकलं की हो तिचं. चटईवर पडायची, कोंबडीची मान फिरवायची आणि पडल्या पडल्या गार. आजूबाजूला पॉलिशपेपरची खरखर, बायकांच्या गप्पा, रेडिओ, काही ऐकू यायचं नाही तिला. घासकाम करणारी द्वारकाबाई म्हणायची, "श्रावणात कोंबडी चालते व्हय तुमच्यात?" आणि सगळ्या जणी खिदळायच्या. केतकीच्या फळ्या मात्र भराभर भरत होत्या. माझ्या दोन होईपर्यंत तिच्या तीन. बरं, नजर कुठे चुकली म्हणावं तर तेही नाही. मी लपून-छपून बघून आले होते एकेक.

एकदा जेवताना नाना म्हणाले, "घरच्या गणपतीची आखणी यंदा कोणी करायची, ते आत्ता सांगत नाही. दोघींचं काम बघतो."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आमचे हे, म्हणजे मोरेश्वर, बाजूलाच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कढी मागितली. नवऱ्यांचं असंच असतं.

"मला काय, कोणीही करा," मी म्हटलं आणि कढीचं पातेलं जरा जोरात आपटलं.

"वहिनीच करतील हो," केतकी म्हणाली. "मी अजून नवी आहे."

गोड बोलण्यात ती पहिल्यापासून पटाईत.

त्याच दिवशी मी ठरवलं. तिचं शरीर शिकतं तर माझं काय ढ आहे? कोणाला काही बोलले नाही. ह्यांचं गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळलं आणि साच्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती तीन डुलक्या काढते ना, मग मी दोनच काढणार. ती रात्री तीन तास झोपते ना, मी दोन झोपेन. सगळे निजले की मी हळूच शेडमध्ये जायचे. केतकी दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेली असायची. मला बघून म्हणायची, "झोप नाही का येत वहिनी?"

"कामं कोण करणार?" मी म्हणायचे.

पहिले आठ दिवस त्रास होतो, असं ती म्हणाली होती. त्रास! चहात मी साखरेच्या जागी मीठ टाकलं, ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. ह्यांना मी "अहो नाना" म्हणून हाक मारली, तेव्हा हे घाबरले. साच्यांच्या खोलीत गजर वाजला की मला कळायचं नाही ही सकाळ आहे की संध्याकाळ, आणि मी साच्यांना विचारायचे. एका दुपारी तर फळीवरच्या एका गणपतीने मला डोळा मारला. देवाशप्पथ. मी त्याला म्हटलं, "तू पण तिच्याच बाजूचा का?" द्वारकाबाईने ऐकलं.

"इंदूताई, जरा पडा घटकाभर."

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं. "मला काय धाड भरलीय?"

मला वाटत होतं, आठ दिवस झाले की होईल. आठ झाले, दहा झाले. शरीर काही शिकेना. पण मागे कशी हटू? समोर ती टवटवीत बसलेली, गाणं गुणगुणत. नाना काठी टेकत यायचे, तिच्या फळीपाशी थांबायचे, माझ्या फळीपाशी थांबायचे. कुठे जास्त थांबतात ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. तिच्यापाशी जास्त थांबायचे. निदान मला तरी तसंच दिसायचं.

मग ती सकाळ उजाडली. व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन उभा होता, बायका पेंढा आणि कागद घेऊन बसल्या होत्या. मी तोंड धुऊन शेडमध्ये आले आणि माझी नजर दाराकडच्या फळीवर गेली. केतकीची फळी. मी जवळ गेले आणि बघतच राहिले.

सगळे गणपती पेंगत होते.

अख्खी फळीच्या फळी. वरची पापणी इतकी खाली आलेली की बुबुळ निम्मं झाकलेलं. भरपेट जेवून ओसरीवर कलंडल्यासारखे एका रांगेत सगळे बसलेले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या दिवसांचा शीण एका क्षणात उतरला. शिकलं ना शरीर? घ्या!

"नाना!" मी मोठ्याने हाक मारली. "जरा इकडे या. हे बघा काय झालंय."

नाना आले. बायका उठून आल्या. केतकी हातातलं काम टाकून आली, तिच्या गालाला रंग लागला होता. नानांनी एक मूर्ती उचलली, नाकाजवळ नेली, ठेवली. दुसरी उचलली.

"झोपलेत सगळे," मी म्हटलं. "डुलक्या काढून काम केलं की असंच व्हायचं. मी काही बोलत नव्हते, म्हटलं नवी आहे, शिकेल. पण आता टेम्पो दारात उभा आहे. काय करायचं?"

केतकी फळीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, ही फळी माझी नाही."

"मग काय माझी? मी रात्रभर खिडकीकडे बसले होते. ती बघा माझी फळी. त्याला म्हणतात डोळे! कसे टक्क बघतायत."

आमच्याकडे आखणी झाली की पाटाखाली बोटाने रंगाचा ठसा उमटवायचा, म्हणजे उद्या काही तक्रार आली तर कोणाचा हात ते कळतं. माझा ठसा गेरूचा, केतकीचा निळीचा. द्वारकाबाईच्या मनात काही नव्हतं बिचारीच्या. तिने सवयीने पेंगणारा एक गणपती उचलला आणि उलटा केला.

गेरू.

तिने दुसरा उलटा केला. गेरू. तिसरा मी स्वतः हिसकावून घेतला. गेरू. मग मी खिडकीकडे धावले आणि टक्क बघणारा एक गणपती उलटा केला. त्याच्याखाली छान, गोल, निळा ठसा होता.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"इंदू," नाना म्हणाले. "रात्री झोपली होतीस?"

"डुलकी काढली होती," मी म्हटलं.

"किती दिवस चाललंय हे?"

 मला खरंच आठवत नव्हतं.

नानांनी माझ्या हातातली मूर्ती काढून घेतली. "ब्रश ठेव खाली. घरात जा आणि झोप. तुला कोणी उठवायचं नाही."

झालं. मला समजलं ते एवढंच, की ब्रश गेला. सहा वर्षांपूर्वी ज्या हाताने दिला त्याच हाताने काढून घेतला, तोही तिच्यासमोर. मी माजघरात जाऊन पडले. उशीत तोंड खुपसून रडायचं असं ठरवलं होतं, पण रडायलासुद्धा जागं राहावं लागतं. ती शुद्ध हरपली ती दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवलं तेव्हा आली. हे खरं कोंबडं, शेजारच्यांचं.

शेडमध्ये गेले तर फळी रिकामी. केतकीने एकटीने बसून सगळ्या डोळ्यांवर रंग मारून पुन्हा आखणी केली होती आणि टेम्पो उशिरा का होईना रवाना झाला होता. त्या नादात तिच्या डुलक्या हुकल्या. एकदा हुकल्या त्या हुकल्याच, मग पुढे कामाचा रेटा इतका होता की तिचं वेळापत्रक परत काही बसलं नाही. तिच्याही डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मी गुपचूप रात्रीची झोपायला लागले आणि दिवसा माझ्या फळीवर बसायला लागले. नाना काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

हरतालिकेपर्यंत शेड रिकामी झाली. बायका आपापल्या घरी गेल्या, हे आणि धाकटे भावजी बाजाराला गेले. घरचा गणपती तेवढा पडवीत पाटावर बसला होता, डोळ्यांविना. दुपारी केतकी म्हणाली, "वीस मिनिटं पडते हं वहिनी, मग नाना सांगतील तसं." शेडमध्ये गेली, चटईवर पडली आणि कोंबडीची मान फिरवली.

वीस मिनिटांनी कोंबडी वाजली. पडवीपर्यंत आवाज आला. वाजत राहिली, वाजत राहिली आणि शेवटी आपली आपणच थकून थांबली. केतकी काही उठली नाही.

नाना शेडच्या दारात जाऊन तिला बघून आले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंदू, घे ब्रश."

मी घेतला. पण मनात किडा वळवळायचा तो वळवळलाच. ती उठली असती तर?

त्या दिवशी जशी आखणी झाली तशी माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. रेघ कशी पाण्यासारखी वाहत होती. पांढरं, बुबुळ, पापणी. शेवटचा ठिपका पडला आणि देवाने माझ्याकडे बघितलं. 

"नाना, आरसा!" मी हाक मारली.

मी उठून बघितलं. पडवीत नाहीत, ओटीवर नाहीत. शोधत शेडमध्ये गेले. लाइट गेलेली होती, पत्रा तापून नुसती भट्टी झाली होती. केतकी चटईवर आडवीतिडवी पडली होती, तोंड उघडं. तिच्या उशाशी खोक्यावर नाना बसले होते आणि हातात पुठ्ठा घेऊन तिला वारा घालत होते.

"नाना, डोळे झाले. आरसा धरायचा आहे."

"शू... हळू. आत्ता कुठे गाढ झोप लागलीय पोरीला."

"अहो, पण आरसा..."

"धर ना तूच. माझा हात गुंतलाय."

मी परत आले. खुंटीवरचा आरसा काढला आणि मीच धरला. देवाने स्वतःला बघितलं असेल. आरशाच्या वरून मान हलवायला कोणी नव्हतं. मी पाण्याच्या निमित्ताने शेडमध्ये गेले, झाडूच्या निमित्ताने गेले, उगाचच गेले. पुठ्ठा हलतच होता. दिवेलागण झाली, लाइट आली, तेव्हा कुठे नाना उठले. दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून आले, मूर्तीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं आहे."

दुसऱ्या दिवशी आरतीला सगळे डोळ्यांचं कौतुक करत होते. मला काही ऐकूच येत नव्हतं.

ह्या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. नाना जाऊनही बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी जावा माळ्यावरचं सामान काढत होतो, तेव्हा एका डब्यात ती कोंबडी सापडली. रंग उडालेला, मान सैल. केतकीने फिरवून बघितली. वाजली नाही.

"वहिनी, आठवतं?" ती म्हणाली. "नानांनी तुम्हाला झोपायला पाठवलं होतं."

"काही आठवत नाही," मी म्हटलं. विसरेन बरी!

"मला त्या दिवशी तुमचा असा राग आला होता ना..."

"येणारच. सगळी फळी तुला पुन्हा आखावी लागली."

"फळीचं सोडा हो. मी पाणी प्यायला घरात आले, तर तुम्ही माजघरात ढाराढूर, आणि नाना तुमच्या उशाशी पुठ्ठा घेऊन बसलेले. वारा घालत. मी म्हटलं, नाना, टेम्पोवाला आरडाओरडा करतोय, जरा येता का? तर म्हणाले, माझा हात गुंतलाय."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"माझ्यापाशी?"

"मग कोणापाशी? मी तिकडे एकेक डोळा पुसतेय आणि नुसती जळतेय. म्हटलं, वेड्यासारखी जागते मी, सगळ्यांपेक्षा जास्त काम करते मी, आणि वारा कोणाला? तर मोठ्या सूनबाईंना."

"किती वेळ?" मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"तीन कोंबड्या. डुलकी काढायला वेळच नव्हता, पण मी लावून ठेवत होते. वाजली की येऊन बघायचे, उठले का नाना. तीनदा आले. तिन्ही वेळा पुठ्ठा हलतच होता."

मी खालीच बसले, धुळीत. तीन कोंबड्या. आणि मी घोरत पडले होते. त्याच हातांचा वारा अंगावर घेत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. केवढा काळ मी त्या पुठ्ठ्यावरून मनातल्या मनात जळत काढला होता.

केतकी कोंबडीवरची धूळ पदराने पुसत होती. "माझ्यासाठी कुठे बसायला नाना," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण मला ते हसू चांगलं ओळखीचं होतं.

तिला माहीतच नव्हतं! कसं असणार? ती झोपली होती. तेव्हा शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी फिरकलं नव्हतं, आणि मी कशाला सांगते?

"बसले होते तुझ्यापाशीही," मी म्हटलं. "हरतालिकेला. तू उठलीच नाहीस ना, तेव्हा."

तिने झटकन मान वर केली. पन्नाशीला आलेली बाई, पण तोंड अगदी लहान मुलीसारखं झालं.

"खरंच? वारा घालत?"

"हो. त्याच पुठ्ठ्याने असेल."

"किती वेळ हो वहिनी?"

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. दहा तरी कोंबड्या झाल्या असत्या, बारा म्हटल्या तरी चालेल.

"असेल," मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. "एखादी कोंबडी."